जमिनीखालचा जमाखर्च

दिवाळीच्या तोंडावर घरातल्या एकूण एक वस्तूची विचारपूस होते. भिंतींना रंग मिळतो, पितळी डब्यांना चिंच मिळते, माळ्यावरच्या ट्रंकेलाही वर्षातून एकदा उजेड दिसतो. एका वस्तूची मात्र कोणी आठवण काढीत नाही. ती म्हणजे मैल्याचा आणि सांडपाण्याचा नळ. फरशीखाली, मातीच्या आड तो तीस-चाळीस वर्षे मुकाट्याने राबतो. बोलतो तो एकदाच, आणि तेही बहुधा घरात पाहुणे असताना!

"सणासुदीला हा कसला विषय काढलात?" असे वाचक भगिनी म्हणतील. पण ज्यांच्या तळमजल्याच्या मोरीत ऐन पहाटे वरच्या चार मजल्यांची अंघोळ उलटून आली आहे, त्यांना विचारा. मग हा विषय वाटतो तितका अमंगळ राहत नाही. तो सरळ जमाखर्चाचा होतो.

जुन्या इमारतींच्या अंगणातले नळ बहुधा झिलई दिलेल्या खापरी मातीचे असतात. माती चांगली, झिलईही टिकाऊ. दुखणे असते ते सांध्यांत. एकेक तुकडा जेमतेम दोन-तीन फुटांचा. साठ फुटांच्या वाटेवर दोन फुटी तुकडे घातले, तर एकोणतीस सांधे होतात. सांध्यातले सिमेंट तडकते, ओल बाहेर येते आणि ओलीच्या वासाने पिंपळ-उंबराची मुळे आत शिरतात. केसासारखे मूळ आत गेले की त्याची जटा होते. त्यात आपण तळणीचे उरलेले तेल मोरीत ओततो. ते थंड होऊन जटेला चिकटते आणि वाट बंद होते. आजचे पीव्हीसीचे नळ सहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट लांबीचे मिळतात. तेवढ्याच वाटेला तीन नळ आणि मधले दोन सांधे!

मग नळ बदलायचे ठरते आणि कंत्राटदाराचे अंदाजपत्रक हाती पडते. आकडा पाहून चिटणीसांचा चहा निवतो. "एवढे पैसे? नळाला?" नाही हो, नळाला नाहीत. नळाची किंमत त्या कागदात बहुधा अगदी लहान असते. पैसे लागतात ते खणायला, फरशी फोडायला, नवे चेंबर बांधायला, राडारोडा उचलायला आणि फोडलेली फरशी पुन्हा बसवायला. वाट रस्त्याखालच्या गटाराला जोडायची असेल, तर पालिकेची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे वेगळे. म्हणून नुसता "मीटरला काय भाव?" असे विचारू नये. खोली किती धरली, खडक लागला तर काय, चेंबर किती, राडारोडा कोण नेणार, फरशी कोण बसवणार, हे सारे कागदावर लिहून घ्यावे. स्वस्त अंदाजपत्रकात यातले काहीतरी वगळलेले असते आणि ते काम अर्ध्यावर आल्यावर आठवते.

एक गोष्ट मात्र स्वस्तात सोडू नये. ती म्हणजे उतार. चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट आणि सहा इंचीला साठ फुटांत एक फूट, असा जुन्या जाणत्यांचा हिशेब आहे. उतार कमी पडला की पाणी पुढे जाते आणि गाळ मागे राहतो. नवा नळ वर्षभरात जुन्यासारखा वागू लागतो.

खणण्याआधी दुखणे कोठे आहे, हे पाहावे. एका चेंबरमध्ये दिवा धरावा आणि दुसऱ्यात आरसा. प्रकाशाचे पुरे वर्तुळ दिसले तर वाट सरळ आणि मोकळी आहे. हल्ली नळातून कॅमेराही सोडता येतो. कधीकधी सारी वाट नव्हे, चार हातांचा तुकडाच बदलावा लागतो, हे त्यावरून कळते.

आता खरा अवघड भाग, सोसायटीची सभा!

"आम्ही चौथ्या मजल्यावर. आमचे काही तुंबलेले नाही. आम्ही का द्यायचे?"

"काका, तुमचे तुंबत नाही, कारण ते आमच्याकडे येते," तळमजल्यावरच्या वहिनी शांतपणे म्हणतात.

या वादाचे उत्तर महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. सामायिक मैलावाहिनी आणि सेप्टिक टँक यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची असते. घराच्या आतले काम तेवढे ज्याचे त्याने पाहायचे. त्यासाठीच दुरुस्ती निधी आहे. दर फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, आणि राखीव असा सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. समजा, एका फ्लॅटचा बांधकाम खर्च दहा लाख आणि फ्लॅट वीस. दुरुस्ती निधीत वर्षाला दीड लाख, सिंकिंग फंडात पन्नास हजार. दहा वर्षांत दोन्ही मिळून वीस लाख, तेही व्याज न धरता. ज्या सोसायटीने "वर्गणी वाढवायची नाही" म्हणून हा निधी कधी गोळाच केला नाही, तिला नळ महाग वाटणारच. महाग नळ नसतो, महाग असते ती चालढकल.

आणि याच चालढकलीतून सर्वांत भयंकर काटकसर जन्माला येते. "बदलायचे पुढे पाहू, तूर्त कोणाला तरी आत उतरवून साफ करून घेऊ." उथळ चेंबर बाहेर उभे राहून साफ होते. खोल चेंबर आणि सेप्टिक टँक यांत विषारी वायू साठतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड; पण तो फार झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणून वास येत नाही, हा धीर खोटा. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. 2013 च्या कायद्याने माणसाला अशा जोखमीच्या सफाईला लावणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली अशा मृत्यूची भरपाई तीस लाख ठरवली. पण ज्या घरचा मिळवता माणूस गेला, त्या घरी पणती कोण लावणार? सक्शनच्या गाडीचे पैसे वाचवताना चिटणीसांनी आणि आपण सर्वांनीच एवढा विचार करावा.

पाडव्याला नव्या वहीवर 'श्री' काढाल, तेव्हा एक खाते या नळाच्या नावाने उघडा. दरसाल थोडे त्यात पडू द्या. वेळ येईल तेव्हा तळमजल्यावरच्या वहिनींना भांडावे लागणार नाही आणि कोणा गरिबाच्या लेकराला आपल्या घाणीत उतरावे लागणार नाही.