डोकं दुखतंय म्हणाली तर दुखतंय



"परीक्षा आली की हिचं डोकं दुखतं" असं हसत सांगणाऱ्या आयांशी मला आज भांडायचं आहे.

महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, तेही तीन महिन्यांहून अधिक काळ मुलाचं डोकं दुखत असेल, तर डॉक्टर त्याला रोजची जुनाट डोकेदुखी म्हणतात. बहुतेक मुलांच्या तपासणीत काही निघत नाही. पण काही निघालं नाही म्हणजे दुखतच नाही, हे कुणी ठरवलं? ताणामुळे दुखलं तरी ते दुखणंच. (झोपेतून डोकेदुखीने जाग येणं, सकाळी उलट्या, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, यातलं काही असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

ज्या विश्वास ठेवतात, त्या गोळी देतात. पॅरासिटामॉलची पट्टी पर्समध्ये असतेच. महिन्यातले 15 दिवस वेदनाशामक पोटात जात राहिली, की पुढे गोळीच डोकं दुखवायला लागते. आणि रोजचं औषध? अमेरिकेत अर्धशिशीच्या 8 ते 17 वयाच्या मुलांवर नेहमीची दोन प्रतिबंधक औषधं तपासली. 2017 साली निकाल आला: औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा ती सरस ठरली नाहीत. झोप, पाणी, वेळेवर जेवण आणि मनावरचा ताण, याकडे बघावंच लागतं.

आता आपल्या घरातलं. राग आला तरी चालेल.

रात्रिभोजनत्याग मीही पाळते. पण शाळेतला डबा एक वाजता, तिथून थेट क्लास, घरी येईपर्यंत सूर्यास्त झालेला. सकाळी अर्धा कप दूध घेऊन पोर पळते, पुढचं खाणं दहाच्या सुट्टीत. मोजा तास! पाण्याचंही तेच, कारण शाळेतलं गाळलेलं नसतं आणि घरची बाटली तशीच परत येते. यात व्रताचा दोष नाही, आपल्या वेळापत्रकाचा आहे. क्लासच्या आधी दुसरा डबा द्या, नाहीतर क्लासची वेळ बदला. नियम मोडायला मी सांगत नाही.

पर्युषणात तर अशाच मुलीकडून आपण उपवास करवून घेतो, कारण जावेच्या मुलीने केलेले असतात. सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आहे ना? मग सत्काराची शाल आणण्याआधी, डोकं धरून मंदिराच्या पायरीवर बसलेल्या त्या बारा वर्षांच्या पोरीची शक्ती कुणी विचारली?