वालूरची बारव, अमृतसरचं सरोवर

पाठीवर सॅक टाकून लांब जायचंच, तर वालूरच्या पोरांनी परभणीहून सचखंड एक्सप्रेस धरावी. नांदेड ते अमृतसर, सुमारे २,००० किलोमीटर, दीड दिवस. सोबत ताट-वाटी हवीच. वाटेतल्या स्टेशनांवर शीख सेवेकरी लंगराचं जेवण वाढतात, फुकट, आणि जातपात न विचारता. त्या गरम भाजीची चव घरी आल्यावरही जिभेवर राहते. अमृतसरला पोचलात की पहाटे हरमंदिर साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, सरोवराकाठी बसा. १५७७ मध्ये गुरू रामदासांनी ते खोदायला घेतलं. १९२३ मध्ये हजारो भाविकांनी कारसेवा, म्हणजे श्रमदान, करून त्यातला गाळ उपसला. तिथं मला आपली वालूरची, गोल-गोल फिरत पाण्यापर्यंत उतरणारी बारव आठवली. तिच्यातला गाळही गावकऱ्यांनीच काढला.