वूफरच्या वायरला आजच फ्यूज लावा

हिंगणा, वानाडोंगरी, डिगडोह परिसरातील टुरिस्ट गाड्यांचे मालक, चालक आणि साऊंड बसवणारे कारागीर, सर्वांना कळकळीची विनंती.

लग्नसराई तोंडावर आहे, पाठोपाठ उन्हाळी सहली. शेगाव, रामटेक, चिखलदऱ्याला निघालेल्या ट्रॅव्हलरमध्ये दणदणीत वूफर हवाच, असा गिऱ्हाइकाचा आग्रह असतो. गाणी जरूर वाजवा. पण बॅटरीवरून थेट ओढलेली, फ्यूज नसलेली वायर घेऊन एकही गाडी रस्त्यावर आणू नका.

१२ व्होल्टच्या गाडीत ५०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने वाजला, की सुमारे ५० अँपिअर करंट ओढतो. ही वायर पत्र्यातल्या भोकातून आत येते आणि मॅटखालून मागच्या सीटपर्यंत जाते. भोकाला रबरी ग्रोमेट नसेल, तर हादऱ्यांनी पत्र्याची धार वायरचं आवरण घासत राहते. उघडी तार बॉडीला टेकली की शॉर्टसर्किट होतं, क्षणात वायर लाल होते आणि शेजारची मॅट, फोम पेट घेतात. अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज इथे वाचवत नाही, कारण तो वायरच्या दुसऱ्या टोकाला असतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, आणि वायर सोसेल त्याहून मोठा नको. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं हा तर प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे.

खरेदी करताना खोक्यावरचे ‘मॅक्स’ वॉट पाहू नका, आरएमएस (सतत पेलवणारे) वॉट पाहा. बंद गाडीत दहा इंची एक वूफर भरपूर होतो. वायर अस्सल तांब्याचीच घ्या. वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीत कमी करंट सोसते. वूफरचा खोका फरशीला स्क्रूने आवळण्याआधी खाली वाकून डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप कुठे आहेत ते पाहून घ्या.

आणि हा खोका संकटकालीन दारासमोर कधीही ठेवू नका. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ दाराच्या बाजूवर उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं गेली. जे वाचले त्यांतले काही काचा फोडून बाहेर पडले. त्या आगीचं कारण वेगळं होतं, पण बाहेर पडायची वाट अडली की काय होतं, ते आपण पाहिलं आहे.

मालकांनो, पुढच्या भाड्याआधी बॉनेट उघडून ही वायर स्वतः तपासा. फ्यूज नसेल, तर तो बसेपर्यंत ती बॅटरीवरून काढून ठेवा.