सागरास समर्पयामि

जळगाव-धुळ्याच्या माणसांनी समुद्रावर लिहावे याचे कोकणातील मित्रांना हसू येईल. येवो. पांझरा आणि गिरणा तापीस मिळतात, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास. त्या पाण्याशी आमचे नाते दूरचे असले तरी सोयरिकीचे आहे.

आमचा आक्षेप 'विल्हेवाट' या शब्दावर आहे. खाणीतील टाकाऊ गाळाची समुद्रात विल्हेवाट लावली, असे म्हटले की प्रकरण संपल्याचा भास होतो. फिलिपाइन्समधील मारिंदुके बेटावरच्या तांब्याच्या खाणीने १९७५ ते १९९१ या काळात कालांकान उपसागरात सुमारे २० कोटी टन गाळ सोडला. प्रवाळ आणि सागरी गवत त्याखाली गाडले गेले. समुद्रात कचरा टाकण्याविरुद्धचा १९७२चा लंडन करार अशा कृत्यास अडवीत नाही, कारण तो मुख्यतः जहाजांतून टाकलेल्या कचऱ्यापुरता आहे. किनाऱ्यावरून नळाने सोडा, करार गप्प! पापुआ न्यू गिनीतील रामू निकेल प्रकल्पाचा गाळ २०१२पासून असाच नळाने बासामुक उपसागराच्या तळाशी जातो.

गोव्यात तर नळही लागला नाही. एक टन लोहखनिजामागे अडीच-तीन टन माती निघे. तिचे डोंगर डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत उघड्यावर रचले गेले आणि पुढले काम पावसावर सोपवले गेले. ओहोळांतून माती भातशेतीत आली, तेथून नद्यांत, आणि मांडवी-जुवारीच्या मुखांकडे वाहू लागली. समुद्रात ती कोणी टाकली? कोणीच नाही! बारीक मातीने पाणी गढुळते, तळाशी प्रकाश पोहोचत नाही. तिसऱ्या ज्या कल्ल्यांनी पाणी गाळून श्वास घेतात आणि अन्न मिळवतात, तेच कल्ले बुजतात. शाह आयोगाचा अहवाल २०१२ साली संसदेत मांडला गेला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. पुढे ते सुरू झाले, २०१८ साली पुन्हा थांबले, आणि आता लिलावानंतर काही खाणपट्टे परत सुरू झाले आहेत. या सर्व काळात मातीचे डोंगर जागीच होते, आणि पावसाळ्यास कोणी स्थगिती दिली नव्हती.

खाण बंद झाल्यावर ट्रकवाल्याची उपासमार होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रापणकाराची उपासमार कोणत्या जमाखर्चात धरली जाते, एवढे तरी कोणी सांगावे.

तापीवरचे उकाई धरण गाळ अडवते, म्हणून खानदेश निर्दोष, असा युक्तिवाद आम्हांस ऐकवला जातो. धरण गाळ अडवते. पाण्यात विरघळलेले अडवत नाही. आणि गिरणेच्या पात्रातून वाळूचे डंपर रात्री निघतात, तेव्हा आम्हीही खिडकी लावून घेतो.