चौदावा दिवस

लग्नाला बोलावल्यावांचून जाऊं नये आणि मरणाला बोलावण्याची वाट पाहूं नये, असा आपल्याकडील जुना दंडक आहे. त्यांत शहाणपण पुष्कळ आहे. ज्या घरीं मृत्यु आला तेथें त्या दिवशीं चूल पेटत नाहीं. शेजारून पिठलें-भात येतो. कोणी लहान मुलांना आपल्या घरीं घेऊन जातें, कोणी दूरच्या आप्तांस कळविण्याचें काम उचलतें, आणि एरव्हीं कोणाच्या अध्यांत ना मध्यांत असे आळींतील एखादे गृहस्थ न सांगतां बांबू, सुतळी व मडकें घेऊन हजर होतात. घरच्यांवर तें पाहण्याची वेळ येऊं नये, अशी ही व्यवस्था.

पुढील तेरा दिवसांचेंही असेंच. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत चार माणसें घाटावर सोबत थांबतात. भेटीस आलेला मनुष्य निघतांना ‘येतो’ म्हणत नाहीं, मुकाट्यानें उठतो. येईल त्याला शेवटच्या आजाराची तीच हकीकत सांगावी लागते. याचा शीण होतो खरा. परंतु सांगतां सांगतांच घडलेली गोष्ट मनाला हळूहळू खरी वाटूं लागते. सन २०२० मध्यें करोनाच्या सांथींत अंत्यविधीस २० हून अधिक माणसांना मनाई झाली, भेटीगांठी थांबल्या, तेव्हां कित्येक घरांना दुःखापेक्षां त्या रिकाम्या ओसरीचेंच भय अधिक वाटलें. या रिवाजांची खरी किंमत तेव्हां कळली.

परंतु तेराव्याचें गोड जेवण झालें, दूरचे पाहुणे आपापल्या गांवीं परतले, म्हणजे काय होतें? आमच्या नात्यांतील एक वृद्ध बाई पतिनिधनानंतरची आठवण सांगत. तेरा दिवस घर माणसांनीं भरलेलें असल्यामुळें त्यांना रडावयासही कोपरा मिळाला नव्हता. चौदाव्या दिवशीं सकाळीं संवयीनें त्यांनीं चहाचें आधण दोन कपांचें ठेवलें, आणि तें लक्षांत येतांच त्या ओट्यापाशींच खालीं बसल्या. घरांत सून होती, नातवंडें होतीं. पण जो तो आपल्या कामाला लागला होता. त्यांत कोणाचा दोष नव्हता. एकत्र कुटुंबांतही मनुष्य एकटा पडतो, तो असा.

शिवाय याच समाजानें दुःखिताला आधार देतां देतां विधवेवर निष्ठुरपणाही केला, हें विसरून चालणार नाहीं. पहिल्या दिवशीं पिठलें-भात आणणारे हातच तिच्या बांगड्या फोडीत. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें ग्रामसभेंत ठराव करून कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें या चाली बंद केल्या. आपल्या घराण्यांतून केशवपन गेलें; पण विधवा बाई समोर आली कीं हळदीकुंकवाच्या तबकापाशीं हात अडखळतो, तो पुष्कळ ठिकाणीं अजून अडखळतोच. सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपण एका खेडेगांवाच्या मागें राहावें, हें बरें नव्हे.

चालीरीति आपणच केल्या आहेत, तेव्हां एक नवी चाल पाडावयास काय हरकत आहे? चौदाव्या दिवशीं त्या घरीं जावें. सांत्वनाचें भाषण करूं नये. ‘काकू, भाजी आणायला निघालें आहें, येतां का माझ्याबरोबर?’ एवढें पुरे. बँकेचे व पेन्शनचे कागद घेऊन बसणारा एखादा पुतण्या दहा सांत्वनपत्रांहून अधिक उपयोगी पडतो. गेलेल्या माणसाचें नांव टाळूं नये. त्याची एखादी खोड, एखादा विनोद आठवला तर खुशाल सांगावा. पहिल्या वर्षीं त्या घरीं दिवाळीचा फराळ करीत नाहींत, तो आप्तांनीं पाठवावा, ही रीत आहेच. म्हणजे दुःख तेरा दिवसांत सरत नाहीं, हें आपल्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक होतें. मात्र फराळाचा डबा गड्याच्या हातीं न पाठवितां आपण स्वतः न्यावा, आणि घटकाभर बसावें.