चटणी हवी ना? मग पाट्याशी बसा!

परवा भाच्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. हॉलमध्ये शिरले तर कोपऱ्यात काय? पाटा-वरवंटा! गावाकडच्या घरातून आणलेला, तेल लावून चकचकीत केलेला, वर छोटासा दिवा सोडलेला. शेजारी खलबत्ता आणि भिंतीवर लाकडी रवी टांगलेली.

"मावशी, काय दिवस होते ना ते! पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही," भाचा म्हणाला. जमलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या. बायका मात्र गप्प होत्या.

मी विचारलं, "तू कधी वाटलीस का रे?" त्याने हसण्यावारी नेलं.

चवीचं म्हणणं खोटं नाही, हे आधीच कबूल करते. मिक्सरचं पातं कापतं आणि भांडं तापतं. वरवंटा रगडतो, त्याने खोबऱ्याचं तेल सुटतं, वाटण एकजीव होतं. पण ती चव फुकट येत नव्हती. आमच्या घरी बारा माणसं जेवायला. माझी आई सकाळ-संध्याकाळ पाट्याशी उकिडवी बसायची. मिरच्या वाटल्या की रात्री हातांची आग आग व्हायची. हाताला लोणी चोळून बसायची आणि धाकट्याला घेऊ का म्हणून विचारलं तर "आज नको गं, डोळ्याला हात लागेल" म्हणायची. होळीला पुरण! ते गरम आहे तोवरच वाटायला हवं, गार झालं की घट्ट होतं. म्हणजे चटके बसले तरी थांबायचं नाही. घरात पुरणयंत्र आलं तेव्हा पहिला आक्षेप कोणी घेतला? ज्यांनी कधी पुरण वाटलं नाही त्यांनी!

आता व्हॉट्सॲपवर फिरतं, 'आमच्या आज्यांना जिमची गरज नव्हती.' नव्हती खरी. पन्नाशीत आईची पाठ वाकली होती, त्याला व्यायाम म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. पाटा गुळगुळीत झाला की डोक्यावर ऊन घेत टाकी लावायला येणारी वडारीण तरी कुठे आठवते कुणाला? तिच्या छिन्नीशिवाय त्या चवीला अर्थ नव्हता.

परदेशी मिक्सर आपल्या वाटणाला पुरे पडत नसत. सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या बायकोचा जर्मन मिक्सर असाच जळाला. मग १९६० च्या दशकात त्यांनी आपल्या स्वयंपाकाला टिकेल असं यंत्र बनवायला घेतलं, तोच सुमीत. घरातल्या बाईची अडचण एका पुरुषाने ऐकून घेतली, ही गोष्ट मला त्या मोटरीइतकीच मोठी वाटते.

१९७९ साली मी पगारातून हप्त्यावर मिक्सर घेतला. सात वाजता शाळा असायची, पाट्याशी बसायला वेळ कुठला? आई राहायला आली होती. मी खोबरं-लसूण फिरवून दाखवलं. ती म्हणाली, "झालं? एवढंच?" मग म्हणाली, "पुन्हा लाव बघू." चव कशी आहे, हे तिने विचारलंसुद्धा नाही.

मी जुन्याची वैरीण नाही हं! माझ्या ओट्याजवळ रवी अजून आहे आणि ती रोज हातात येते. वाटीभर दह्याचं ताक करायचं तर दोन मिनिटं घुसळलं की झालं. त्यासाठी मिक्सरचं भांडं कोण धुवत बसणार? डाळ घोटायलाही तीच. वीज नको, आवाज नाही. जे उपयोगाचं ते आपोआप राहतं, त्याला दिवा लावावा लागत नाही. घुसळखांबाला दोर बांधून डेराभर ताक करणं मात्र गेलं, आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही.

म्हणून म्हणते, पाट्यावरची चटणी जरूर खा. पण कोपऱ्यातला तो पाटा खाली काढा, धुवा, बारा माणसांचं वाटण घ्या आणि स्वतः बसा. रोज, निदान महिनाभर. त्यानंतरही ते दिवस सोन्याचे वाटले तर मला फोन करा, मी चटणी खायला येईन.

भाच्याचा अजून फोन आलेला नाही. असो.