हेडफोनची बॅटरी बदलता येईल, पण गादीचं काय?

युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरी कायद्यातली एक महत्त्वाची तरतूद १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होते. छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढून बदलता आली पाहिजे, असं ही तरतूद सांगते. वायरलेस हेडफोनही यात येतात. शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षं सुटी बॅटरी मिळाली पाहिजे, असंही बंधन आहे.

गोष्ट चांगलीच आहे. पण रोज हेडफोन वापरणाऱ्याला विचारा, आधी काय खराब होतं? बऱ्याचदा उत्तर मिळतं, कानाला टेकणारी गादी, म्हणजे इअरपॅड. आणि त्याबद्दल हा कायदा काही बोलत नाही.

गादी सोलते का?

बहुतेक हेडफोनच्या गादीवर खरं चामडं नसतं. आत फोम आणि वर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतला दमटपणा आणि घाम यांमुळे हा थर हळूहळू विघटित होतो, मग तडकतो आणि काळे पापुद्रे सुटायला लागतात. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत हे लवकर होतं. पावसाळ्यात बॅगेत कोंबून ठेवलेला हेडफोन बाहेर काढला की कानाला काळे तुकडे चिकटतात, हा अनुभव अनेकांना असेल.

गादी बदलली की आवाज का बदलतो?

गादी फक्त आरामासाठी असते असं आपण धरून चालतो. खरं तर ती आवाज घडवणारा भाग आहे.

बंद कपाच्या हेडफोनमध्ये ड्रायव्हर, गादी आणि तुमचं डोकं मिळून हवेची एक छोटी बंद खोली तयार होते. बेस ऐकू येण्यासाठी या खोलीत हवेचा दाब टिकावा लागतो. कुठे फट राहिली की पहिला बळी बेसचा जातो. चष्म्याची काडी गादीखाली आली तरी थोडं असंच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. गादी जाड असेल तर कान ड्रायव्हरपासून लांब राहतो, दबून चपटी झाली तर जवळ येतो. त्या मधल्या जागेनुसार मधले आणि वरचे सूर कमीजास्त होतात. म्हणूनच 'पूर्वी छान वाजायचा, आता मजा नाही' अशा तक्रारीत दोष कधीकधी ड्रायव्हरचा नसून बसलेल्या गादीचा असतो.

तिसरी गोष्ट कापडाची. मखमलीसारखी व्हेलूर गादी कानाला कमी गरम वाटते, पण तिच्यातून हवा जाते. म्हणून व्हेलूर वाईट असं नाही. बायरडायनॅमिकचा 'डीटी ७७० प्रो' बंद कपाचा असूनही त्याच्या ८० आणि २५० ओमच्या मॉडेलला व्हेलूरच येते, कारण त्याचा आवाज तीच गादी धरून जुळवलेला आहे. गडबड होते ती एकासाठी जुळवलेल्या हेडफोनवर दुसरीच गादी चढवल्यावर.

मी स्वतः ही चूक केली आहे. मूळ गादी सोलली म्हणून ऑनलाइन स्वस्तातली 'सेम टू सेम' जोडी मागवली. बसली झकास, मऊही होती. पण तबल्यातला डग्गा गायब! बाहेरचा गोंगाटही जास्त यायला लागला. फोम हलका होता आणि कडेला फट राहत होती.

प्रश्न कानाच्या आरोग्याचाही आहे

नॉइज कॅन्सलिंग हेडफोनमध्ये बरेचदा कपाच्या आतही एक माइक असतो. कानापाशी किती आवाज पोहोचतोय हे तो ऐकतो आणि त्यानुसार उलटा आवाज तयार होतो. हा सगळा हिशोब मूळ गादी धरून केलेला असतो. गळकी गादी लावली की हिशोब चुकतो.

मग आपण काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं मोठ्यांसाठी सुरक्षित धरलं जातं. ९० डेसिबलला ही मर्यादा फक्त ४ तासांवर येते. लोकलच्या गोंगाटावर मात करायला रोज दोन तास आवाज वाढवून ऐकणाऱ्याचा हा कोटा मंगळवारीच संपतो.

कंपन्या आणि कायदे कुठे आहेत?

सुटी गादी देणं अशक्य नाही. अ‍ॅपलच्या 'एअरपॉड्स मॅक्स'ची गादी चुंबकाने चिकटते आणि वेगळी विकत मिळते, महाग असली तरी. फेअरफोनने २०२३ मध्ये आणलेल्या 'फेअरबड्स एक्सएल'मध्ये गादीसकट अनेक भाग घरी बदलता येतात.

युरोपच्या २०२४ च्या दुरुस्ती-हक्क निर्देशाच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल आहेत, हेडफोन नाहीत. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स हा विभाग आहे. पण चर्चा होते ती स्क्रीन आणि बॅटरीची. शंभर ग्रॅमचीही नसलेली गादी मिळाली नाही म्हणून हजारो रुपयांचा चालू हेडफोन कचऱ्यात जातो, याकडे कुणाचं लक्ष नाही.

तुम्ही काय करू शकता?

- बेस असलेलं गाणं लावा आणि दोन्ही कप हलकेच डोक्यावर दाबा. बेस एकदम वाढला तर गादी गळते आहे.
- शक्यतो कंपनीचीच गादी घ्या. दुसरी घ्यायची झाली तर आतला व्यास, जाडी आणि कापड मूळ गादीशी ताडून पाहा.
- आतल्या माइकचं छिद्र नव्या गादीच्या कापडाने झाकलं जात नाही ना, ते बघा.
- वापरल्यावर कोरड्या मऊ कापडाने घाम पुसा. ओलसर हेडफोन बंद डब्यात ठेवू नका.
- नवीन हेडफोन घेताना दुकानदाराला बॅटरी बॅकअपसोबत एवढंही विचारा: याची गादी सुटी मिळते का, आणि केवढ्याला?

हा शेवटचा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर कायद्याची वाट न बघताही कंपन्यांना उत्तर शोधावं लागेल.